साईड स्टँड किती वाढवायचा आणि जोड कुठे द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा: मागे लांब शॉक बसवल्यामुळे गाडीची मागची बाजू ३० मि.मी. उचलली गेली आणि साईड स्टँडवर गाडी फार झुकायला लागली. म्हणून स्टँड मधोमध कापून त्यात ३० मि.मी.चा पाईपचा तुकडा वेल्ड करून घेतला. पंधरा दिवसांत तो जोड मोडला आणि गाडी आडवी झाली. आता जाड पाईप घ्यावा की चांगल्या रॉडने पुन्हा वेल्डिंग मारावं?

यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्या एकत्र धरल्या तर उत्तर सापडत नाही. ३० मि.मी. हा आकडा चुकला होता, तो एक भाग. पण तुकडा गरजेपेक्षा लांब पडल्यामुळे गाडी उलट जास्त सरळ उभी राहत होती, म्हणजे स्टँडवरचा भार कमीच झाला होता. तरीही जोड मोडला. त्यामुळे दोष जोडाचाच, आणि तो पाईप जाड घेऊन जाणार नाही.

आधी आकड्याचं बघू. स्टँडची लांबी हे साधन आहे, मोजायचा असतो तो गाडीचा कल. रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभ्या रेषेपासून १० ते १२ अंश झुकलेली असावी असं मी धरतो. ८ अंशांच्या खाली गेलात तर उजवीकडे जरासा उतार, वाऱ्याचा झोत किंवा कुणाचा धक्काही गाडी पलीकडे पाडायला पुरतो. १५ च्या वर गेलात तर स्टँडवर भार वाढतो आणि गाडी उचलून सरळ करताना कंबर बोलते. भार किती वाढतो तेही बघा. १८० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि स्टँडचा पाय टायरच्या रेषेपासून ३०० मि.मी. बाहेर असं धरलं, तर ११ अंशांना स्टँडवर साधारण ५७ किलो येतात आणि १५ अंशांना ७५ ते ८०. चार अंशांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ.

कल मोजायला यंत्र लागत नाही, ओळंबा पुरतो. मागच्या रिमच्या वरच्या कडेला, डाव्या बाजूने, दोरी धरून ओळंबा सोडा आणि खालची कड दोरीपासून किती आत गेली ते पट्टीने मोजा. रिमचा बाहेरचा व्यास ४५० मि.मी. असेल तर ७८ मि.मी. म्हणजे १० अंश, ९४ म्हणजे १२ आणि ११६ म्हणजे १५. तुमच्या रिमचा व्यास वेगळा असेल तर त्याच प्रमाणात बदला. जमीन सपाट दिसते पण नसते. म्हणून एकदा मोजून झालं की त्याच जागी गाडीचं तोंड उलट करून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. ही पाच मिनिटं वाचवणाऱ्याला स्टँड दोनदा कापावा लागतो.

आता कापण्याआधीची एक तपासणी. ही सर्वांत जास्त वेळा राहून जाते. स्टँड उघडा, कुणाला तरी गाडी उजव्या बाजूने सरळ धरायला सांगा आणि स्टँडचा पाय हाताने आत-बाहेर हलवा. खालच्या टोकाला ३-४ मि.मी. हालचाल चालते. १० मि.मी.च्या वर असेल तर पिव्हटचा, म्हणजे स्टँड ज्याभोवती फिरतो तो बोल्ट किंवा त्याचं भोक झिजलंय. फ्रेमच्या कानाची (स्टँड जिला जोडलेला असतो त्या पट्टीची) जाडी २० मि.मी. आणि तिथे १ मि.मी. ढिलाई असेल, तर २८० मि.मी. लांब स्टँडच्या टोकाला ती १४ मि.मी. होते. पायाशी उंचीत साधारण ५ मि.मी. फरक पडला की १ अंश कल बदलतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढेही लागेल. आत-बाहेरची सगळी हालचाल उंचीत उतरत नाही, तरी नुसत्या ढिल्या पिव्हटने अंशा-दोन अंशांचा फरक पडू शकतो आणि लोक तो स्टँडची लांबी वाढवून झाकायला जातात. यावर उपाय म्हणजे भोक रीमरने गोल करून त्यात बुश (धातूची छोटी नळी) बसवणं आणि नवा कॉलरचा, म्हणजे मधला भाग गुळगुळीत व जाड असलेला, बोल्ट घालणं. कॉलरची लांबी कानाच्या जाडीपेक्षा ०.२ मि.मी. जास्त हवी, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळला तरी स्टँड अडकत नाही. मागून लॉकनट. स्टँड उघडल्यावर जिथे टेकून थांबतो तो अडसरही बघा. तो चेपला असेल तर स्टँड गरजेपेक्षा पुढे जातो. अडसर पिव्हटपासून जेमतेम २५ मि.मी.वर असतो, त्यामुळे तिथला १ मि.मी. पायाशी ११ मि.मी. होऊन दिसतो.

हे सगळं ठीक असेल तर मग लांबी. मागचं चाक ३० मि.मी. उचललं म्हणून स्टँडची जागा ३० ने उचलली जात नाही. पुढचं चाक जागेवरच आहे, त्यामुळे मधली जागा प्रमाणात उचलली जाते. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १४०० मि.मी. आणि स्टँडचा पाय पुढच्या चाकाच्या मध्यापासून ७५० मि.मी. मागे टेकत असेल, तर तिथली उंची ३० × ७५० ÷ १४०० म्हणजे १६ मि.मी. वाढते. म्हणून तुमची गाडी साधारण तीन अंश जास्त झुकली. पण हे १६ मि.मी. झाले सरळ उभे. स्टँड तिरका असतो, तेव्हा त्याच्या लांबीत मोजायचं तर पिव्हटच्या मध्यापासून पायापर्यंतची लांबी भागिले पिव्हटची जमिनीपासून उंची, या गुणोत्तराने गुणायचं. लांबी २८० आणि उंची २४२ असेल तर गुणक १.१६ येतो. १६ गुणिले १.१६ म्हणजे १८.५ मि.मी. तुम्ही ३० घातले, म्हणून गाडी मुळापेक्षाही दोन अंश सरळ झाली.

गणितावर विश्वास नसेल तर प्लायवूडचे तुकडे घ्या. मी तरी गणित झाल्यावरही हे करतोच. एक माणूस उजव्या बाजूने गाडी धरून उभा, दुसरा स्टँडच्या पायाखाली ३ आणि ६ मि.मी.चे तुकडे सरकवतो आणि प्रत्येक वेळी ओळंब्याने कल बघतो. हवा तो कल आला की थराची जाडी मोजायची. ज्यांची गाडी खाली बसवली आहे आणि स्टँड आखूड करायचाय त्यांनी उलट करावं: दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या, स्टँड जमिनीवर.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तिचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तुम्ही सामान लादून फिरता का? मागे २५-३० किलो सामान बांधलं की शॉक दबतो, गाडी खाली येते, आणि तोच स्टँड अचानक लांब पडतो. रिकामी असताना १० अंशांवर छान उभी राहणारी गाडी भरल्यावर ७ वर येते आणि पेट्रोल पंपावर उजवीकडे पडते. असा वापर असेल तर रिकाम्या गाडीला १३ अंश ठेवा, म्हणजे भरलेली १० च्या आसपास राहील. प्लायवूडची चाचणी दोन्ही अवस्थांत करून मधला आकडा निवडा.

आता धातू. स्टँड कशाचा आहे हे कळल्याशिवाय चकती लावू नका. चुंबक चिकटला नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. त्याला वेल्ड करू नका. उष्णतेने मजबूत केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी निम्म्यापर्यंत कमकुवत होतं. तिथे पायाखाली बोल्टने बसणारा जाड ठोकळा हाच मार्ग. चुंबक चिकटला तर रंग खरवडून, न दिसणाऱ्या जागी ग्राइंडर हलकेच टेकवा. लांब, पिवळसर ठिणग्या आणि टोकाला थोडे फाटे, तर साधं पोलाद. आखूड, लालसर ठिणग्या जवळच विझत असतील तर बीड. बीडाचा स्टँड वेल्ड करण्यापेक्षा पोलादी पाईपचा नवा बनवणं सोपं आणि सुरक्षित. घडीव पोलादाचा भरीव स्टँड वेल्ड होतो, पण कार्बन जास्त असू शकतो, म्हणून आधी गरम करणं आणि नंतर हळू थंड होऊ देणं आलंच. पुढचं सगळं मी पोकळ पाईपच्या स्टँडबद्दल लिहितो, कारण तुमचा तसा दिसतोय: २५ मि.मी. बाहेरचा व्यास, ३ मि.मी. जाडी.

स्टँड गाडीवर असताना वेल्डिंग करायचं नाही. करंट चाकाच्या किंवा हँडलच्या बेअरिंगमधून परतीचा रस्ता शोधतो, इलेक्ट्रॉनिक्स जळतं, आणि वर पेट्रोलची टाकी असते ती वेगळीच. स्टँड काढताना अडचण एकच, स्प्रिंग. पक्कडीने ओढू नका. स्टँड अशा जागी आणा की स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असेल, मग तिच्या वेटोळ्यांत एकेक वॉशर सरकवा, दोन्ही बाजूंनी आठ-दहा. आता स्टँड उघडा किंवा मिटवा. वॉशरमुळे स्प्रिंग आखडू शकत नाही आणि बोटांनी आकड्यातून निघते. परत बसवतानाही हीच युक्ती. डोळ्यांवर चष्मा हवा, वॉशर सुटला तर गोळीसारखा येतो.

कुठे कापायचं? तुमचा जोड मधोमध होता. स्टँडला वाकवणारा जोर पायाशी सर्वांत कमी आणि पिव्हटकडे जाताना वाढत जातो. पायापासून २०० मि.मी.वर जेवढा वाकवणारा जोर असतो, तो ८० मि.मी.वर त्याच्या ४० टक्केच असतो. म्हणून जोड खाली, पायाच्या जुन्या वेल्डपासून ५० ते ८० मि.मी.वर, सरळ भागात. वळणावर नाही, स्प्रिंगच्या आकड्याजवळ तर नाहीच. कापण्याआधी पाईपच्या लांबीवर सुईने एक सरळ रेघ ओढून ठेवा. जोडताना पायाची दिशा फिरली तर ती रेघच सांगते.

तुमचा जोड का मोडला, याचा माझा अंदाज असा: पाईपची टोकं एकमेकांना टेकवून वरून फिरवलेलं वेल्ड, आत काही नाही, आणि दिसायला छान म्हणून वरचा फुगवटा ग्राइंडरने सपाट. ३ मि.मी. पाईपला वेल्ड अर्धाच आत उतरला असेल आणि वरचा भाग घासून टाकला असेल, तर उरतो दीड मि.मी. धातू. शिवाय एक बाजू फसवी असते. गाडीचं वजन स्टँडचा पाय वर आणि बाहेर ढकलतं, त्यामुळे पाईपची गाडीकडची, म्हणजे आतली बाजू ताणली जाते. तडा तिथून सुरू होतो. नेमकी तीच बाजू वेल्डर शेवटी, मान वाकडी करून मारतो. मोडलेला तुकडा अजून असेल तर बघा: तुटलेल्या काठावर कुठेतरी जुनी गंजलेली चंद्रकोर दिसेल आणि बाकीचा भाग ताजा चकचकीत. चंद्रकोर आतल्या बाजूला असेल तर हा अंदाज बरोबर.

त्यामुळे जोडाच्या आत भरीव गुडदी, म्हणजे दोन्ही पाईपांत घुसणारा पोलादी तुकडा, हवीच. लेथवाल्याकडून साध्या पोलादाच्या गजाची एक गुडदी बनवून घ्या: दोन्ही टोकांना ३० मि.मी. लांबीचे खांदे, व्यास पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा ०.१ ते ०.२ मि.मी. कमी, आणि मध्ये पाईपच्या बाहेरच्या व्यासाएवढी, २५ मि.मी.ची कॉलर. पाईपच्या आत लांबीभर शिवण असते, तिचा उंचवटा गोल कानशीने काढा, नाहीतर गुडदी अडते आणि कुणीतरी ती हातोड्याने ठोकून तिरकी बसवतो.

कॉलरची लांबी किती, इथे थोडा हिशोब लागतो. पायाला नवी ६ मि.मी.ची रुंद प्लेट लावायची असेल (लावाच, का ते पुढे सांगतो), तर १६ पैकी ६ तिथेच मिळाले. उरले १०, गुणिले १.१६, म्हणजे पाईपमध्ये साधारण १२. चकती आणि कानशीने दीड मि.मी. खाल्लं, ते परत द्यायचं. वेल्ड गुडदीपर्यंत उतरावा म्हणून कॉलरच्या दोन्ही बाजूंना दीड-दीडची फट ठेवायची, ती वजा करायची. १२ अधिक १.५ वजा ३, म्हणजे कॉलर १०.५ मि.मी.

पाईपची दोन्ही टोकं ४५ अंशांत कानशीने उतरती करा, आतली १ मि.मी. धार तशीच ठेवून. प्रत्येक तुकड्यावर टोकापासून १५ मि.मी.वर ८ मि.मी.ची दोन भोकं पाडा, समोरासमोर, आणि ती पुढच्या व मागच्या बाजूला येऊ द्या. ताणल्या जाणाऱ्या आतल्या बाजूला भोक नको. या भोकांतून वेल्ड भरला की गुडदी पाईपला आतूनही धरते. खालच्या तुकड्याला पायाजवळ ३ मि.मी.चं आणखी एक भोक पाडा. ते हवेसाठी. बंद पाईपमधली हवा तापून फुगते आणि शेवटचा टाका बंद करताना वेल्डमधून फुटून बाहेर येते. तिथे राहिलेलं टाचणीएवढं छिद्र म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. नंतर याच भोकातून पाणीही निघून जातं.

रंग, क्रोम किंवा जस्ताचा मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंना ३० मि.मी. पूर्ण घासून काढा. जस्ताच्या धुराने ताप भरतो, क्रोमचा धूर त्याहून वाईट. घासतानाही मास्क लावा आणि काम उघड्यावर करा.

वेल्डिंगला मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं यंत्र) असेल तर ०.८ ची तार, १२० ते १४० अँपिअर. रॉडने करायचं तर २.५ मि.मी.चा कोरडा ई७०१८, डीसीवर, ८० ते ९५ अँपिअर. महिनाभर उघड्या पाकिटात पडलेला हा रॉड वापरू नका, ओल धरलेल्या रॉडने वेल्डला छिद्रं आणि नंतर तडे येतात. तो नसेल तर ६०१३ चालतो, ७० ते ९०. गुडदी भरीव असल्यामुळे ती उष्णता ओढून घेते आणि वेल्ड वरच्यावर बसतो. म्हणून आधी टॉर्चने जोड एवढा तापवा की पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडावा. मग चार बाजूंना चार टाके, रेघ जुळते का बघा, पाय वाकडा वाटला तर आत्ताच सरळ करा. त्यानंतर पाव-पाव घेर, एकदा इकडचा, एकदा समोरचा. सुरुवात आणि शेवट पुढे-मागे येऊ द्या, आतल्या बाजूवरून मात्र वेल्ड अखंड गेला पाहिजे. आधी भोकं भरायची की घेर, यावर वाद घालणारे भेटतील. मी आधी घेर करतो, कारण पाईप आकसून गुडदीवर घट्ट बसतो.

झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही. घाईत बहुतेक जण इथेच काम बिघडवतात. हवेत, आपोआप थंड होऊ द्या. वेल्डचा फुगवटा ठेवा, फक्त कडेची धार कानशीने मऊ करा.

आता पायाची प्लेट. मूळ पायाचा जमिनीला टेकणारा भाग २५ × ४० मि.मी. असेल तर ५७ किलो भार १० चौरस सें.मी.वर पडतो. उन्हात मऊ झालेल्या डांबरात किंवा ओल्या मातीत तो रुतणारच, आणि ५ मि.मी. रुतला की कल १ अंशाने वाढला. ७० × ९० ची प्लेट लावली तर तोच भार ६३ चौरस सें.मी.वर जातो. प्लेट टेबलावर वेल्ड करू नका. गाडी हव्या त्या कलावर उभी करा, प्लेट जमिनीला सपाट टेकलेली असताना तिच्यावर पायाची आकृती खुणेच्या सुईने काढा, कोन धरून ठेवा, मग स्टँड काढून वेल्ड करा. कोपरे गोल. बाहेरची बाजू फार रुंद नको, डावीकडे वळताना ती रस्त्याला घासली तर गाडी उचलून फेकते.

गाडीवर बसवल्यावर स्टँड मिटवून बघा: सायलेन्सर, चेन, मधला स्टँड यांपासून १० मि.मी. तरी अंतर हवं, तेही मागे माणूस बसवून, कारण शॉक दबल्यावर चित्र बदलतं. स्टँड आता जड झालाय, त्यामुळे मिटलेल्या अवस्थेत हाताने ३०-४० मि.मी. खाली ओढून सोडा. टणकन परत गेला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंग बदला. स्टँडचा सेन्सर असेल तर तो पूर्वीसारखाच चालतो का बघा, आणि अडचण आली म्हणून वायर जोडून त्याला बायपास करू नका.

भाराची चाचणी अशी करा. कल मोजून लिहून ठेवा. उजवीकडे एक माणूस गाडी धरून उभा राहू दे. डाव्या फूटरेस्टवर पूर्ण वजनाने मिनिटभर उभे राहा, दोन-तीन वेळा. उतरून कल पुन्हा मोजा. फरक पडला असेल तर काहीतरी वाकलंय, जोड किंवा फ्रेमचा कान. नंतर वेल्डवर रॉकेल फासा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडू घासा. तडा असेल तर खडूवर बारीक ओली रेघ उमटते. रंग या चाचणीनंतरच द्या. हीच खडूची तपासणी महिन्याभराने पुन्हा करा, आतल्या बाजूला, आरसा धरून.

उतारावर लावताना एक बदल लक्षात घ्या. मागची बाजू उचलल्याने गाडी एखाद अंश पुढे झुकली आहे, म्हणून उघडलेला स्टँड पूर्वीइतका पुढे तिरका राहत नाही. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकून स्टँड मिटू शकतो. तोंड चढाकडे करा आणि पहिला गिअर टाकून ठेवा.